खडीत चार

बागेच्या फाटकाला कुलूप आहे, किल्ली वॉर्डात आहे,
वॉर्डात कुठे आहे हे ज्याला माहीत होतं
तो गेल्या मार्चात रिटायर झाला.
म्हणून आम्ही सगळेच भिंतीच्या भगदाडातून आत येतो:
मी, मोतीराम घाटाळ, फिलू आंटी तिच्या गुडघ्यांसकट,
कुत्री,
आणि मोठ्या भरतीला कधीकधी
दहिसर नदी स्वतः.

पाटीवर लिहिलं होतं ‘फुले तोडू नये’.
‘नये’ गंजानं खाल्लं.
तसंही तोडायला घाणेरीच उरली आहे
आणि ती कुणाच्या बापाला ऐकत नाही.

माझं काम मोजण्याचं.
बाक अकरा, बसण्याजोगे चार.
कारंजं एक, पाणी नाही.
पंपघर एक, मोटर नाही.
मोटर नाही हे मी तीनदा कळवलं,
पंपघरात घोरपड आहे हे एकदाही नाही.
दुपारी ती उंबऱ्यावर येऊन पडते
घरमालकिणीसारखी,
जिभेनं चाचपत राहते
तबेल्याचं शेण, रात्री कुणी ओतलेला रंग, माझा डबा.
रकान्यांत तिला जागा नाही.

नदीला आता नाला म्हणतात. घाटाळ म्हणत नाही.
त्याची आई वरच्या अंगाला, जंगलात, हिच्यात खेकडे धरायची.
‘वर ती अजून पोरगी आहे, मॅडम.
इथं येईस्तोवर आपण तिची म्हातारी करतो.’
आणि फावड्यानं गाळातून काढत राहतो
चप्पल, देवाची फ्रेम, डायपर, चप्पल.
कधीच जोडीची नाही.

करंजावर रातबगळे दिवसभर माना खांद्यात घालून,
संध्याकाळी एकेक उठतो, ‘क्वॉक’ म्हणतो,
मस्टरवर सही केल्यासारखा,
आणि ड्यूटीवर जातो.
एवढी हजेरी या बागेत दुसऱ्या कुणाची नाही.

एप्रिलात कागद आला: सुशोभीकरण.
गवत कापणे, खडी उचलणे, झुडपे समूळ.
गुरुवारी मशीन.

बुधवारी टिटवीनं ओरडून बाग डोक्यावर घेतली.
स्केटिंगच्या रिंगणात, जिथं आता नुसती खडी आहे,
घाटाळनं पाय उचलला
आणि तसाच हवेत ठेवला.
‘बघा.’
मला काही दिसेना.
‘बघा ना.’
खडी. खडी. खडी.
मग खडीतून न हलता
वेगळे झालेले चार,
टोकं आत, पोटं बाहेर,
जणू काही गुपित बोलत बसलेले.

फिलू आंटीनं छातीवर क्रूस काढला.
‘येडी आहे ही बाय. एवढी मुंबई पडलीय!’
आणि वर छत्री धरायला गेली.
टिटवीला ते मुळीच आवडलं नाही.

मी आठवत राहिले
असल्या अर्जाला कुठली खिडकी, कुठला शिक्का.
घाटाळ गोदामात गेला,
रस्तेवाले विसरून गेलेली पिवळी पाटी घेऊन आला,
चार विटा लावून उभी केली.
काम चालू आहे.
खाली बारीक अक्षरांत:
गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

गुरुवारी मशीनवाला, मिसरूड फुटलेला पोरगा,
पाटी वाचून वळसा घालून गेला.
कंत्राटदार मात्र थांबला.
कसलं काम? कुणाचं?
मी रजिस्टर उघडलं.
ठिकाण: रिंगण.
मजूर: दोन, पाळीपाळीने.
साहित्य: जागेवर उपलब्ध.
मुदत: अंदाजे अठ्ठावीस दिवस.
खाली सही केली, तारखेसकट,
नोकरीतली पहिली
न थरथरता.

रात्री झोप लागली नाही.
पंपघर ते रिंगण, मी मोजलं आहे,
चाळीस पावलं.
घोरपडीला पाट्या वाचता येत नाहीत,
आणि तिचंही
काम चालू आहे.